गच्चीवर ऐकलेला शेवट

यंदा समोरच्या गच्चीवर पुन्हा बिबडे पडले. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर जिन्यातच वास आला. शिजलेली ज्वारी, लसूण, तीळ आणि पातेल्याचं थोडं करपलेलं बूड. मे महिन्यात जळगावच्या कुठल्याही गल्लीत हा वास येतो, त्यात विशेष काही नाही. मला मात्र त्या वासाने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आठवतं, आणि पुस्तक आठवलं की थकवा येतो.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड असं बाहेरच्या माणसाला सांगून मी मोकळा होतो. आमच्या बायकांसमोर असं म्हणायची सोय नाही. ज्वारी भिजवायची, वाळवायची, भरडायची, आणि तिचं पीठ उकळत्या पाण्यात शिजवायचं. त्या घट्ट शिजलेल्या पिठाला घाटा म्हणतात. घाटा गरम असेपर्यंतच ओल्या हाताने फडक्यावर थापता येतो. निवला की त्याच्या गुठळ्या होतात आणि बिबडा कडेने चिरतो. त्यामुळे हे एकटीचं काम नाही. शेजारच्या चार बायका येतात, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असे पाळीपाळीने सगळ्यांचे बिबडे होतात. माझी आई धुळ्याला राहते, आणि तिच्या गच्चीवरची पाळी मी लहानपणापासून पाहत आलोय.

पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘धुकेनदी’. एकूण पाच भाग. माझी मुलगी श्रुती पाचवीत असताना तिला पहिला भाग बक्षीस मिळाला. तिला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं म्हणून शब्द सांगायला मी शेजारी बसलो, आणि आठवड्याभरात ती झोपल्यावरही मीच वाचत बसलेला सापडलो. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब तपासतो. दिवसभर गाठी मोजणाऱ्या माणसाने राक्षस आणि धुकं वाचावं याचं माझ्या बायकोला, सुनंदाला, कायम हसू येतं. “आमच्याकडे दोन मुलं आहेत, एक पाचवीत, एक जिनिंगमध्ये,” असं ती पाहुण्यांना सांगायची.

गोष्ट थोडक्यात अशी. एका देशाच्या मधोमध नदी आहे आणि तिच्यावर कायमचं धुकं. धुक्यात शिरलेला माणूस परत येईलच असं नाही. ईरा नावाची राजघराण्यातली मुलगी ते धुकं संपवायला निघते. तलवारी, शाप, बोलणारे कावळे, सगळं आहे. आणि एका घाटावर एक म्हातारा नावाडी आहे. तो लोकांना धुक्यातून पलीकडे नेतो. त्याची बायको खांबावर दिवा लावून बसते, म्हणजे परत येताना त्याला काठ कळावा.

लेखिकेने या म्हातारीला फार जागा दिलेली नाही. पाचही भागांची मिळून तीन हजारांवर पानं होतात. त्यात ती पन्नास पानांतही नसेल. मी मुद्दाम पाहिलंय. मला अशी सवय आहे. होडीत बारा माणसं मावतात असं पहिल्या भागात लिहिलंय, आणि तिसऱ्या भागात चाळीस माणसं दोन खेपांत पलीकडे जातात. मी तिथे समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं. श्रुती म्हणाली, “बाबा, ती जादूची नदी आहे.” मी म्हणालो, “नदी जादूची आहे. होडी लाकडाची आहे.” या वादावर आमचा एक अख्खा पावसाळा निघाला.

खरं सांगायचं तर बाप-लेकीत बोलायला आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. मी कमी बोलतो, ती माझ्यावर गेलीये. ती शिकायला पुण्याला गेली, मग तिथेच नोकरीला लागली. फोनवर जेवलीस का, जेवले, ऊन फार आहे का, आहे, इतकं झालं की गप्प. मग दोघांपैकी कुणीतरी म्हणायचं, “पुढचा भाग कधी येतोय काही कळलं का?” आणि तिथून अर्धा तास सुटायचा. लेखिका सावकाश लिहिणारी. चौथ्या आणि पाचव्या भागाच्या मध्ये श्रुतीची दहावी, बारावी आणि पदवी झाली. मला चष्मा लागला, तो दोनदा बदलला. वाट पाहण्याचंही एक वय असतं. ते उलटल्यावर माणूस वाट पाहणं सोडत नाही, पण त्यात जीव राहत नाही.

गच्चीवर ही गोष्ट श्रुतीनेच नेली. सुट्टीत धुळ्याला गेली की बिबड्यांवरचे कावळे हाकलायचं काम तिच्याकडे असे. थापणाऱ्या बायकांना काहीतरी सांगायचं म्हणून तिने ईराची गोष्ट सुरू केली. आईच्या गच्चीवर येणाऱ्यांत दोघी पक्क्या होत्या. एक लताअक्का, तोंडाची तिखट. दुसऱ्या शमीमभाभी, ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गाद्या भरायचं काम. त्यांना राजकन्येत काडीचा रस वाटला नाही.

“ती पोर तलवार घेऊन हिंडते, तिले काय धाड भरनी?” लताअक्का म्हणायच्या. “त्या म्हातारीचं सांग. दिवावालीचं.”

“हां बेटा, उसका बुढ्ढा आया क्या?” शमीमभाभी विचारायच्या.

मग श्रुती दिवावालीची पानं वाढवून सांगू लागली. पुस्तकात ती नुसती दिवा लावते. गच्चीवर ती तेल कुठून आणते, वात कशाची करते, वारा आला की पदर कसा धरते, सगळं आलं. आई बोलत नसे. थापताना मात्र तिचा हात दिवावालीच्या जागी थोडा हळू व्हायचा. दर उन्हाळ्याला बायका पहिला घाटा उतरायच्या आत विचारायच्या, “ऊनं का नवं पुस्तक?” आलं का म्हणून, आणि श्रुतीला नाही म्हणावं लागायचं.

शेवटचा भाग आला तो तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. त्याआधीच्या हिवाळ्यात माझे वडील गेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आजार फार दिवसांचा नव्हता. आई त्यानंतर जळगावला राहायला आली नाही, “माले आठेच बरं शे” म्हणाली. मला वाटलं होतं त्या वर्षी बिबडे ती करणार नाही. पण एप्रिलमध्ये तिचा फोन आला, ज्वारी भिजत घातलीये, या. श्रुतीने पुण्यात पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या, एक मला पाठवली. आमचा जुना नियम होता : दोघांनी एकाच वेळी सुरू करायचं आणि पुढे गेलेल्याने तोंड उघडायचं नाही.

तिने सुट्टी काढून चार दिवसांत संपवलं. मी संपवू शकलो नाही. जळगावात पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलरसमोर बसलं तर पानं दमट होऊन फुगायची, बाजूला बसलं तर घामाचे थेंब अक्षरांवर. बसमध्ये वाचू म्हणून धुळ्याला जाताना पुस्तक मांडीवर उघडलं, तर पारोळ्याच्या आधीच डोळा लागला. आणि खरं म्हणजे मला ते आवडतही नव्हतं. शेवटच्या भागाचं वाचन मला लग्नघर आवरण्यासारखं वाटलं. मंडपवाल्याची पातेली मोजून परत करायची, कुणाचा आहेर राहिला ते बघायचं, उरलेल्यांच्या जोड्या लावायच्या. पहिल्या भागातला एखादा फालतू कावळासुद्धा येऊन आपला निरोप घेऊन जात होता. लेखिका दमली होती, ते पानापानावर कळत होतं. मीही दमलो होतो. दोन दमलेल्या माणसांनी एकमेकांसमोर बसावं तसं ते चाललं होतं.

धुळ्याला पोचलो तेव्हा माझी दीडशे पानं उरली होती.

आबा असताना घाटा ते ढवळायचे. मागच्या अंगणात चूल, तिच्यावर मोठं पातेलं, आणि जाड लाकडी दांडा. पीठ घट्ट होत गेलं की दांडा दोन्ही हातांनी फिरवावा लागतो, बाईमाणसाला ते झेपत नाही असं आबांचं म्हणणं. झेपत असावं, पण त्यांना ते काम आवडायचं. त्या वर्षी दांडा माझ्या हाती आला, कुणी काही न बोलता. खाली घाटा शिजवायचा आणि गरम पातेलं घेऊन गच्चीवर न्यायचं.

पहिली खेप घेऊन वर गेलो तर श्रुती बोलत होती. “…आणि ईराने धुक्यात पहिलं पाऊल टाकलं.” हे माझ्या पुस्तकखुणेच्या बरंच पुढचं होतं.

“श्रुती, थांब!” मी ओरडलो.

“काय थांब?” लताअक्का म्हणाल्या. “आमी इतले वरीस थांबेलच शेतस.”

“अक्का, मन्हं वाचेल नही अजून.”

“मंग कानमा कापूस घाल ना भाऊ.”

“हात मोकळा शे का मन्हा?” पातेलं मी दोन फडक्यांनी धरलेलं, हाताला चटके बसत होते. सगळ्या हसल्या, शमीमभाभी तर थापता थापता वाकून हसल्या. श्रुतीने माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. आई म्हणाली, “तू जाय खाले. दुसरा घाटा लागी जाई बुडले.”

मी खाली गेलो. शेवट असा ऐकावा लागला, पातेल्यापातेल्याने. मधला भाग चुलीच्या धुरात गेला. एका खेपेला वर गेलो तेव्हा नावाडी ईराला होडीत घेऊन निघाला होता, कारण धुक्याच्या गाभ्यापर्यंत जाणारी होडी त्याचीच. पुढच्या खेपेला ईरा पलीकडच्या काठावर पोचली होती, धुकं विरत होतं आणि होडी दिसत नव्हती. हसणं बंद झालेलं. बायकांचे हात चालू होते, पण ओल्या फडक्यावर थापल्याचा आवाज तेवढा येत होता. मी विचारलंही असतं, पण माझाच नियम होता.

शेवटचं पातेलं घेऊन मी जिना चढलो. वर पोचलो तेव्हा श्रुती सांगत होती, “दिवावाली उठली. तिला वाटलं भास झाला. मग पुन्हा ऐकू आलं, वल्ह्याचा आवाज. एकच वल्हं. दुसरं तुटलं होतं ना. आणि मग होडीचं नाक दिव्याच्या उजेडात आलं.”

“आया ना?” शमीमभाभी म्हणाल्या. “मैं बोली थी, आएगा.”

“मंग? इतला दिवा लावा तिनी,” लताअक्का म्हणाल्या आणि नाक ओढलं.

आईचे दोन्ही हात पिठात होते. तिने मनगटाने डोळे पुसले आणि म्हणाली, “आन तो घाटा. निवी जाई.”

मी रागावलो होतो, हे लपवत नाही. इतकी वर्षं वाट पाहिलेला शेवट मला जिन्यात, तुकड्यातुकड्यांनी, तिळाच्या वासात मिळाला. संध्याकाळी श्रुतीशी नीट बोललो नाही. ती दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली, मी जळगावला. पुस्तक आठवडाभर टेबलावर पडून राहिलं. सुनंदा त्याच्यावर पाण्याचा तांब्या ठेवायला लागली. शेवटी एका रविवारी दुपारी, संपवायचं म्हणून संपवायला घेतलं. सवयीचा भाग. हिशेब अर्धा सोडवत नाही.

ईरा धुक्यात गेली. नावाडी तिला घेऊन गेला. धुकं विरलं. पुढचं प्रकरण उलटलं तर राज्याभिषेक. त्याच्या पुढे दोन पानं, आणि पुस्तक संपलं. होडी परत आलीच नाही. एक वल्हं नाही, दुसरं वल्हं नाही.

माझी खात्री झाली की प्रतीत एक फर्मा, म्हणजे पानांची एक जुडी, कमी आहे. बांधणीत असं होतं. मी पानांचे आकडे तपासले, सलग होते. शिवण तपासली. मग मागचं प्रकरण पुन्हा वाचलं. आणि श्रुतीला फोन केला.

“माझ्या प्रतीत पानं कमी आहेत,” मी म्हणालो. “नावाडी परत येतो तो भाग नाहीये. दुकानदाराला सांग, बदलून दे म्हणावं.”



“पानं बरोबर आहेत, बाबा.”

“मग?”

“तो येत नाही.”

मी शेवटचं पान पुन्हा उलटून पाहिलं.

“मी तेच सांगणार होते,” ती म्हणाली. “खरंच. पण आजी समोर बसलेली. तिने थापायचं थांबवलं होतं. मग मला नाही सांगता आलं.”

मला राग यायला हवा होता. चुकलेला आकडा मी सोडत नाही, हे जिनिंगमध्ये कुणालाही विचारा. पण दुपारची वेळ, कूलरचा घरघराट, मांडीवर ते फुगलेलं पुस्तक, आणि पलीकडे माझी मुलगी नाक ओढत होती. “बरं केलंस,” असंही मला म्हणवलं नाही. “ऊन फार आहे का तिकडे?” असं मी विचारलं. “आहे,” ती म्हणाली.

जूनच्या तोंडावर मी आमच्या वाटणीचे बिबडे आणायला धुळ्याला गेलो. आई एकटीच होती. पांझरा नदीकडून गरम वारा येत होता, दारं लोटलेली. बिबडे निवडायचे असतात, तुटके वेगळे, अखंड वेगळे. ते मी चांगलं करतो. आम्ही दोघं समोरासमोर बसून निवडत होतो.

आई म्हणाली, “एक इचारू? पोरनी सांगं तेच शे का पुस्तकमा?”

माझा हात थांबला. आईशी मी कधी खोटं बोललो नाही असं नाही, पण मला ते जमत नाही, आणि तिला ते माहीत आहे.

“काबर इचारस?”

“मन्हा तोंडकडे दखी दखी सांगे ती. इतले वरीस बिबडासकडे दखीसन सांगे.” तिने एक तुकडा तोंडात टाकला. “सांग माले. मी काय लहान शे का?”

मग मी सांगितलं. मला रंगवून सांगता येत नाही. पुस्तकात जेवढं होतं तेवढं सांगितलं. होडी परत येत नाही. लोक ईराचा जयजयकार करतात. घाटाकडे कुणी फिरकत नाही, कारण धुकं गेलं, पूल बांधायला घेतला, होडीचं काम उरलं नाही. म्हातारी बरेच दिवस दिवा लावते. आणि शेवटच्या दोन पानांत एका संध्याकाळी ती खांबापाशी जाते.

“इझाडा का तिनी दिवा?” आईने विचारलं.

“नही. काढीसन घरमा लयी गयी. चूलजोडे ठेवा.”

“मंग?”

“मंग भाकर टाकी. त्याच दिवाना उजेडमा. आन खादी. तठेच संपस पुस्तक.”

बाहेर कुणीतरी सायकलवरून गारेगार विकत चाललं होतं, त्याची घंटी गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

“कशासंगे खादी भाकर?” आई म्हणाली.

“ते लिखेल नही.”

“लिखाले पाहिजे व्हतं,” ती म्हणाली, आणि निवडलेला ढीग माझ्याकडे सरकवला. मग जराशाने, माझ्याकडे न बघता, “पोरनी सांगं ते माले आवडनं. हाई बराबर शे.”

मी त्या शेवटावर नाराज होतो. तीन हजार पानांनंतर एक बाई भाकरी खाते, हा काय शेवट झाला, असं मला वाटलं होतं आणि थोडं अजूनही वाटतं. पण आईने ‘बराबर’ म्हटल्यावर मी तिच्याशी वाद घातला नाही. आबा गेल्यापासून त्या घरात ती एकटी स्वयंपाक करत होती. त्याबद्दल आम्ही कुणीच तिला काही विचारलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ फोन करायचो, तब्येत, औषध, पाणी आलं का. कशासोबत जेवलीस, हे कुणी विचारलं नव्हतं.

निघताना ती दारापर्यंत आली. “पोरले सांगू नको,” म्हणाली. “तिले वाटू दे.” मी बरं म्हणालो.

त्याला आता तीन उन्हाळे झाले. बिबडे दर वर्षी होतात, थोडे कमी. लताअक्का मुलाकडे नाशिकला गेल्या. शमीमभाभी येतात. गोष्ट नसते, मोबाईलवर गाणी लागतात. श्रुती पुण्याहून फोन करते आणि जेवलीस का, जेवले, ऊन आहे का, आहे, इथपर्यंत आलो की दोघंही चाचपडतो. ‘धुकेनदी’ संपल्यावर मला ही भीती होती, आणि ती फारशी खोटी ठरली नाही.

परवा मात्र ती म्हणाली, “बाबा, एक नवीन मालिका सुरू झालीये. सात भागांची. पहिला भाग वाचला, चांगला आहे.”

“सात?” मी म्हणालो. “मागच्या बाईंच्या वेगाने लिहिले तर सातवा येईल तेव्हा मी पंचाहत्तरीत असेन. मला नको. माझ्याने आता होत नाही ती वाट पाहणं.”

“बरं,” ती म्हणाली. मग वेगळ्या आवाजात, “बाबा, आजीला कधी कळलं नाही ना? तो शेवट?”

समोरच्या गच्चीवर एक बाई छत्री घेऊन बिबडे उलटत होती. मला खोटं बोलता येत नाही आणि आईला शब्द दिलेला.

“तू सांगितलेला शेवट तिला आवडला,” मी म्हणालो. “तिने स्वतः मला सांगितलं.”

यातला शब्द न्‌ शब्द खरा होता. श्रुतीने मोठा श्वास सोडला, तीन वर्षं धरून ठेवल्यासारखा.

“पाठव तो पहिला भाग,” मी म्हणालो. “पण आजीला यावेळी मी सांगणार.”

“तुम्ही?” ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. “तुम्ही काय सांगणार? होडीत किती माणसं मावतात?”

“ते सांगेन,” मी म्हणालो. “आणि ती काय काय खातात, तेही.”